पुलाखालची जागा

४ मार्च

तीर्थरूप मामा,

नमस्कार. साष्टांग राहू दे, सध्या तुमच्यापुढे पाठ वाकत नाही. आईचे गुडघे दुखतात, मागच्या खोलीचं छत पुन्हा गळतंय, आणि कालव्यावरचा पूल एकदाचा पूर्ण झाला. पाटीवर आमच्या बारक्याचं नाव रंगवून झालंय. उद्घाटनाचे प्रमुख पाहुणे तुम्हीच, हे आम्हाला पत्रिका छापून आल्यावर कळलं. हौस दांडगी आहे तुमची.

तुम्ही पाठवलेलं भाषण आईने मला वाचून दाखवलं. "आमच्या पलटणीची रीतच होती. पूल बांधणाऱ्याने पहिलं वाहन जाताना पुलाखाली उभं राहायचं. माझ्या भाच्याने परमुलखातल्या युद्धातही ती मोडली नाही." आई रडली. मी भांडी घासायला उठले.

गेल्या आठवड्यात त्याच्या तुकडीतला सोबती घरी येऊन गेला. दोघं मिळून पूल बांधायचे, सुरुंग काढायचे. आई दवाखान्यात गेली होती, म्हणून तो मोकळेपणाने बोलला.

"ताई, असली रीत आमच्यात नाही. वाहन जाताना खाली चिटपाखरू ठेवायचं नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. साहेबांनी किती झापलं त्याला. पण त्यांची पाठ वळली की हा उतरायचाच. म्हणायचा, माझा मामा असाच उभा राहायचा."

तो गेला त्या दिवशी काठ खचला. बारक्याचं काम पक्कं होतं हो, काठच खचला, आणि ट्रकसकट सगळं त्याच्या अंगावर आलं. वर उभा असता तर आज इथे बसून माझ्याशी भांडत असता.

आमच्या लहानपणी घरामागच्या नाल्यावर तुम्ही फळ्या टाकल्या होत्या, आठवतं? मला वरून चालायला लावलंत आणि त्याला खाली उकिडवं बसवलंत. "घाबरतोस काय? मी अख्खे ट्रक डोक्यावरून जाऊ दिलेत." आठवडाभर पोरगं छाती काढून फिरत होतं.

परवा मामीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "अगं, यांनी कुठला पूल बांधला? नोकरीभर पलटणीच्या गोदामात बूट वाटले."

बूट वाटण्यात कमीपणा नाही. पोरांना थापाही सगळेच मारतात. पण भरती झाल्यावर तो आधी तुम्हाला सांगायला धावला होता. तेव्हा हसून म्हणाला असतात, 'अरे वेड्या, ती गंमत होती', तर काय बिघडलं असतं? तुम्ही मिशीला पीळ दिलात. मामा, याची माफी माझ्याकडे नाही. मागूही नका.

आईला मी अजून काही बोललेले नाही. आणि आता तिने डोक्यात घेतलंय, की पोराने रीत पाळली, तर घरानेही पाळायची. पहिला ट्रक जाताना तिचा भाऊ पुलाखाली उभा राहणार, असं ती सगळ्यांना सांगत सुटलीय. भाऊ नाही आला तर ती स्वतः उतरणार आहे. दुखऱ्या गुडघ्यांनी ती आत्तापासून कालव्याच्या पायऱ्या उतरून बघतेय.

माझं ती ऐकणार नाही. तुमच्या शब्दापुढे तिला काही दिसत नाही, त्यालाही दिसलं नव्हतं. तेव्हा उद्घाटनाच्या आधी या, तिच्यासमोर बसा आणि तुमच्या तोंडाने सांगा, की तुम्ही कुठल्याही पुलाखाली कधीच उभे राहिला नाहीत. भाषण घरीच ठेवून या.

आईला खाली उतरू न देणारी,
तुमची भाची