अंगठ्याखालचे चार शब्द

३ मार्च, मंगळवार

डोकं उठलंय! "पाणी" एवढं लिहायला दादाला चार मिनिटं लागली. तोवर वहिनीने पाणी आणून, पाजून, भांडं घासून पालथंसुद्धा घातलं होतं.

यंत्र माझंच, त्यामुळे शिव्या कुणाला घालणार? दादाला झटका येऊन अडीच महिने झाले. जीभ गेली, उजवी बाजू गेली, मान धरवत नाही. डोकं शाबूत आहे म्हणतात डॉक्टर. हुकमात उरलाय तो डावा अंगठा. डोळे मिटून-उघडून सांगतो काहीतरी, पण ते वहिनी "हो" वाचते, मी "नको" वाचते, आणि मग आम्हीच भांडतो. म्हणून त्याच्याच मोटर वाइंडिंगच्या दुकानातून स्टार्टरचं हिरवं बटण उचकटून आणलं आणि जुन्या लॅपटॉपला जोडलं. पडद्यावर अक्षरं, त्यांच्यावरून एक पिवळा चौकोन फिरतो. हव्या अक्षरावर आला की दादाने अंगठा दाबायचा.

सगळा शब्द लिहायला लागू नये म्हणून एकदोन अक्षरं झाली की खाली चार शब्द सुचवायचे, त्यातला उचलायचा. कल्पना बरी होती. वर्तमानपत्रांतले चाळीस हजार शब्द भरले. आता प्रत्येक अक्षराला लॅपटॉप नऊ सेकंद मेल्यासारखा पडून राहतो. तेवढ्यात दादा वैतागून परत दाबतो आणि भलतंच अक्षर पडतं!

४ मार्च

आज दिवसभर बसून हेच करायचं ठरवलं होतं. पण खोलीतला पंखा कुरकुरत होता. तो उघडला. साफ केला. जोडला. एक स्क्रू उरला. संध्याकाळ झाली.

वहिनी म्हणाली, "पायाला होती ती भिंगरी, आता हातालाही लागली का गं?" तशी ती मला भिंगरीच म्हणते. तीन वेळा घर सोडून गेले, तीन वेळा परत आले. बारावी अर्धी, मोबाइल दुरुस्ती अर्धी, कोडिंगचा क्लास पाऊण. हे तरी पुरं करायचंय. करायचंच.

६ मार्च, शुक्रवार

खाली कम्प्युटर दुरुस्तीवाला आहे, त्याला लॅपटॉप दाखवला. माझं काम बघून कपाळावर हात मारला त्याने.

"म्हणजे एका अक्षरासाठी तू चाळीस हजार शब्द पहिल्यापासून वाचतेस?"

"मग कसं करू?"

"पोस्टमन असं पत्र वाटतो का? सगळ्या गावाची दारं वाजवत, 'हे तुमचं का हो, हे तुमचं का'?"

अपमान झाला, पण पटलं. खोक्याच्या झाकणावर त्याने झाड काढलं. खोडाला फांद्या: एक क-ची, एक प-ची. प-च्या फांदीला पुढच्या अक्षरांच्या डहाळ्या. शब्द शोधायचाच नाही, नुसतं एकेक अक्षर चढत जायचं. "पा"पर्यंत चढलीस की "पा"चे सगळे शब्द तिथूनच पुढे लोंबतात, बाकीच्या झाडाकडे ढुंकून बघायचं नाही. इतकं सोपं! मला का नाही सुचलं? आठवडा गेला फुकट.

९ मार्च, सोमवार

झाड उभं राहिलं, पण फळं बघा! दादाने "प" दाबला. सुचले: पोलीस, परिसर, प्रकरण, पंतप्रधान. दादाने माझ्याकडे जे पाहिलं ते कळायला जीभ लागत नाही. अंथरुणातल्या माणसाला पंतप्रधान कशाला हवेत?

सगळं उपटून टाकलं. वहिनीला घेऊन बसले, घरातले शब्द घालायला. ती भाजी निवडत सांगत होती, मी टाइप करत होते. उशी. पंखा. खाज. कूस. पडदा. मग थांबली. म्हणाली, "'अगं' घाल. मला ते 'अगं' म्हणायचे."

घातलं. अकराशे शब्द झाले.

१० मार्च

अजून अडतंय. भरगच्च फांदीवर यंत्र खालचे सगळे शब्द मोजत बसतं, त्यातले चार निवडायला. परत खाली गेले. दुरुस्तीवाला म्हणाला, "दर वेळी कशाला मोजतेस? प्रत्येक फाट्यावर चिठ्ठी टांगून ठेव. इथून पुढे सगळ्यात जास्त वापरलेले चार कोणते, ते आधीच लिहिलेलं."

टांगल्या चिठ्ठ्या. एक खोडालाही टांगली, म्हणजे एकही अक्षर न दाबता चार शब्द तयार! दादा जो शब्द उचलेल त्याचा आकडा वाढतो, तो चिठ्ठीत वर सरकतो. आणि पिवळा चौकोन सुरू होतो तोच या चार शब्दांपासून, अक्षरांकडे नंतर जातो. डोळ्याचं पातं लवायच्या आत!

मी खोलीत नाचले. दादाचा ओठ हलला डावीकडे. हसला बहुतेक.

१४ मार्च, शनिवार

पाच दिवस घरात नुसता सुकाळ. चहा देऊ? "चालेल." पडदा ओढू? "चालेल." वहिनी शेजारपाजारी सांगत सुटली आहे, "किती समजूतदार झालेत!" आजारपणाआधी याच माणसाने चहात साखर कमी पडली म्हणून कप खिडकीत ठेवून दिला होता, तीन दिवस.

आज पंपवाला आला. पंप विकतो, दादाच्या दुकानाला लागूनच त्याचं. खुर्ची ओढून बसला. "काय उस्ताद, गाळा मला देऊन टाकायचा का? तुम्हालाही दगदग नको."

एक दाब. "चालेल."

वहिनीने डोळे पुसले. पंपवाला म्हणाला, पुढच्या शनिवारी कागद घेऊन येतो. मला पटेना. बावीस वर्षं त्या स्टुलावर बसून तांब्याच्या तारा गुंडाळल्या दादाने. जळकी मोटर नुसत्या वासावरून ओळखायचा. आणि एका दाबात चालेल?

१७ मार्च, मंगळवार

यंत्र प्रत्येक दाब लिहून ठेवतं. आज वाचत बसले. चौऱ्याऐंशी उत्तरं. त्यातली बहात्तर पहिल्या जागेवरची. आणि पहिल्या जागेवर कोण? "चालेल"!

कळलं. चौकोन आधी तिथेच उभा असतो. पुढच्या शब्दाची वाट बघायला दम लागतो, दादाला दम नाही. तो दाबतो. दाबलं की आकडा वाढतो. आकडा वाढला की शब्द पहिला. पहिला म्हणून परत दाबतो. बोलतंय कोण मग? दादा की माझं झाड?

मी शहाणी! वेग हवा होता ना? घ्या वेग.

१८ मार्च

पडताळून बघायला कुणाला न सांगता "नको" पहिल्या जागी टाकला. चहा? नको. कूस बदलू? नको. वहिनीने विचारलं, "मी बसू का जवळ?" नको.

ती उठून गेली. मी तरीही खरं सांगितलं नाही. फार वाईट केलं.

१९ मार्च

सांगितलं वहिनीला सगळं. ती म्हणाली, "म्हणजे काल मला 'नको' म्हणाले नाहीत?" "नाही गं." मग रडली, मग भडकली.

"आणि दुकानाचं? तेही झाडच म्हणालं?"

"हो! दादा असं कसं म्हणेल? त्याचा जीव आहे त्या दुकानात."

"की तुझा?" म्हणाली. "तू जाणार, हिंडणार, दमलीस की दुकानातल्या पंख्याखाली येऊन बसणार. तुला परत यायला जागा हवी म्हणून आम्ही कुलूप सांभाळत बसायचं का? तीन महिने झाले, झाडायला तरी गेलीस एकदा?"

बटण उचकटायला गेले होते तेवढीच.

पण तरी! तो बोललेलाच नसेल, तर विकायचं कसं?

२० मार्च, शुक्रवार

चिठ्ठ्या काढून टाकल्या. सगळ्या. इतक्या हट्टाने केलेलं काम एका दुपारी पुसलं. राहिली नुसती अक्षरं, आणि दादाचा अंगठा.

त्याला म्हटलं, "दादा, आता काही सुचवणार नाही. उद्या पंपवाला यायचाय. दुकानाचं काय ते तूच लिही. कितीही वेळ लागू दे." वहिनी दारात उभी होती. म्हणाली, "अहो, घाई नाही." पहिल्यांदाच आम्ही दोघी एकच बोललो.

त्याने डोळे मिटले. उघडले. मी काहीच वाचलं नाही.

२१ मार्च, शनिवार

सकाळी सातला सुरू केलं त्याने. मधे एकदा झोपला. साडेनऊला पडद्यावर होतं:

"चहाला नुसतं दाबलं. दुकानाला ठरवून दाबलं. ते काम मला कधीच आवडलं नाही."

बावीस वर्षं! वहिनी मटकन पलंगावर बसली आणि हसायलाच लागली. संपलं समजून मी लॅपटॉप मिटायला गेले, तर पिवळा चौकोन पुन्हा फिरत होता. अंगठा बटणावर. अजून लिहितोय.