बरणी रिकामी पाठव

प्रिय मोनाली,

काल केळीचा जॅम केला. व्यापाऱ्याने घडाच्या खालच्या फण्या नाकारल्या, त्याच वापरल्या. लिंबू आधीच पिळलं होतं, म्हणून काळा पडला नाही. तुझे नाना गार ताटली घेऊन माझ्या शेजारी उभे. मी ताटलीत थेंब टाकायचा, त्यांनी ती तिरपी करायची, थेंब घसरला की ‘अजून व्हायचाय’ म्हणत बोटाने चाटून टाकायचा. जॅम आटून कमी झाला असं मला वाटत होतं, पण खरा चोर शेजारीच होता.

माझा संशयी स्वभाव तुला ठाऊकच आहे. दूधवाल्याच्या मापावरून तुम्ही दोघं मला किती चिडवायचात! नाना तर म्हणतात, हिला देवळातल्या प्रसादातसुद्धा भेसळ दिसते. म्हणून दिवाळीपासून मनात जे येतंय, ते मी स्वतःच उडवून लावत राहिले.

पण बरणीचं काय करू? दुसऱ्याची बरणी रिकामी परत करायची नाही, हे तुला मीच शिकवलं. तुझ्या लग्नानंतर मी जॅम भरून पाठवलेली पहिली बरणी परत आली ती शेवेने भरून. तिखट इतकं, की तुझ्याच हातची आहे का, हे विचारावं लागलं नाही. पुढच्या खेपेला शेंगदाण्याचे लाडू, एकही गोल नाही. मी ते शेजारणींना कौतुकाने वाटले. दिवाळीनंतर मात्र दर वेळी दुकानातली शेव येते, रबर लावलेली पिशवी तशीच आत कोंबलेली. तू विकतची शेव स्वतः खात नाहीस, आईला पाठवशील?

फोन तुझ्या सासूबाईच उचलतात. कुंदाबाई माझ्याशी इतकं गोड बोलतात की मला जास्तच धास्ती वाटते. तुला फोन दिला की मागे चालू असलेला टीव्ही बंद होतो, तेही मला ऐकू येतं. कुंदन केळीचा टेम्पो घेऊन भुसावळला जातो, तेव्हा वाट वाकडी करून दीपनगरला तुझ्या सासरी बरणी देतो. पण तू कधी झोपलेली असतेस, कधी देवळात. तरी तुझा हा भोळा भाऊ घरी येऊन सांगतो, ‘बठ्ठं बेस शे, आई.’ बहीण दिसली नाही आणि म्हणे सगळं बेस!

मागच्या वेळी मी पेरूचा जॅम पाठवला आणि फोनवर मुद्दाम विचारलं, पपईचा कसा झाला? तू म्हणालीस, छान झाला, मी रोज खाते. मोना, पपई चिरली तरी तू घराबाहेर जाऊन बसायचीस. म्हणजे एक तर बरणी तुझ्यापर्यंत पोचत नाही, नाहीतर मी काय विचारते हे ऐकायचंही तुला भान नाही. फोन ठेवला आणि मला रडू आलं. नानांना सांगितलं, तर ते पहिल्यांदाच मला हसले नाहीत.

म्हणून बरणीसोबत हे पत्र. कुंदनला बजावलंय, तू समोर आल्याशिवाय बरणी हातातून सोडायची नाही, मग चहावर चहा प्यावा लागला तरी चालेल. वाचून झालं की हे फाडून टाक. माझा संशय खोटा असेल तर तुझ्या हातचं काहीही बरणीत घाल, जळका लाडू घातलास तरी मी देवाला साखर ठेवीन आणि कुंदाबाईंची मनातल्या मनात माफी मागेन. खरा असेल तर काही लिहू नकोस, कुंदनशी काही बोलू नकोस. बरणी रिकामी पाठव. दुसऱ्याच दिवशी मी आणि नाना तुझ्या दारात असू, आणि तुला घेतल्याशिवाय परतणार नाही. आणि बरणीत पुन्हा ती दुकानातली शेव आली, तर ती बरणीही मी रिकामीच समजेन.

तुझीच,
आई