वीरगळाच्या प्रतिकृतीला ऊन लागत असल्याबाबत

(ई-मेलद्वारे)
प्रति,
मा. कनिष्ठ अभियंता,
रस्ता रुंदीकरण उपकक्ष, जुन्नर.

विषय : निमगाव सावा येथील मूळ वीरगळ जागेवर परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपले दि. ३ मार्च २०२५ चे पत्र.

महोदय,

१. "बाई, तू ह्याचा दुसरा करशील, आन् मग ह्याला उचलून नेत्याल," असे निमगाव साव्याच्या कुशाबाईंनी मला दोन वर्षांपूर्वी बजावले होते. मी हसले होते. लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीचा तो रस्त्याकडेचा कोरीव दगड मी एम.ए. इतिहासाच्या प्रकल्पासाठी मोबाइलने चहूबाजूंनी टिपत होते. त्यावरून संगणकावर मॉडेल केले व कॉलेजच्या थ्रीडी प्रिंटरवर गुडघाभर उंचीची प्लास्टिकची प्रतिकृती काढली. मुलांना वर्गात त्यावर बोटे फिरवून शिकता यावे, एवढाच हेतू होता.

२. माझ्या अहवालात "मूळ दगड समोर नसला तरी अभ्यास अडत नाही" असे वाक्य आहे. तेच माझ्या नावासह पत्रात घालून आपण दगड आपल्या कार्यालयाच्या यार्डात हलवला व "सदर प्रतिकृती मूळ जागी बसवावी" असे कळवले. मी ती मुकाट्याने बसवली. ही चूक माझी आहे.

३. कुशाबाई दगडाला 'बाबा' म्हणत, रोज पाणी घालत. आता प्लास्टिकला घालतात. एप्रिल लागल्यावर त्यांचा फोन आला, "बाबाचं लेकरू हाय गं, लई कवळं. उन्हानं वाकाय लागलंय." तेव्हापासून त्या दुपारभर त्यावर छत्री धरून बसतात, स्वतः मात्र उन्हात. वय अठ्ठ्याहत्तर. "अहो, ते प्लास्टिक आहे," म्हटले, तर म्हणाल्या, "तुझी आरोही ठेवशील का उन्हात?"

४. आरोही अकरा महिन्यांची असून तिला कांजिण्या आल्या आहेत. पती भरत चाकणला असतात, रविवारीच येतात. शेजारणी फाटकाबाहेरूनच बोलून जातात. रोज फोन करून "जेवलीस का गं?" विचारणाऱ्या एकट्या कुशाबाई. सोमवारपासून त्यांचा फोन नाही. मी केला तर नुसता वाजत राहतो. गावात दुसऱ्या कोणाचा नंबर मी कधी घेतलाच नाही.

५. आपली गाडी रोज त्या रस्त्याने जाते. दगडाचा निर्णय नियमाने होईल तेव्हा होवो. परंतु आज तेवढी गाडी थांबवून छत्रीखाली कुशाबाई आहेत का, ते पाहावे. नसल्यास मागे उसाच्या बांधावर त्यांची खोली आहे. त्या एकट्याच राहतात. दार वाजवावे, उघडले नाही तर लोटून आत पाहावे, आणि जे असेल ते मला कळवावे, ही विनंती.

आपल्या फोनची वाट पाहणारी,
सौ. वृषाली भरत आवटे
महाळुंगे पडवळ, ता. आंबेगाव
दि. २३ एप्रिल २०२५