शनिवारची तपासणी

दहिसर,
बुधवार, १० फेब्रुवारी १९८८

ती. रतनवन्संना,
सुगंधाचा नमस्कार.

इकडे सर्व ठीक. शलाकाचा खोकला उतरला. आईंचे गुडघे तसेच. तुमच्या भावाची बढती यंदाही हुकली, त्यामुळे घरात दोन दिवस कुणी मोठ्याने बोललं नाही.

तुमच्या प्रबंधाचं टायपिंग झालं. एकशे बारा पानं, तीन-तीन प्रती, कुठे खाडाखोड नाही. जुळ्यांच्या गर्भारपणात दर आठवड्याला काय काय तपासावं, यावर तुम्ही उत्तम लिहिलंय, असं म्हणायला मी कोण? दिवाळीला पाहुण्यांसमोर तुम्हीच म्हणाला होतात, "टायपिंग सुगंधालाच द्यावं. तिचे हात चालतात, डोकं मध्ये येत नाही." सगळे हसले. मीही हसले आणि चकल्या आणायला आत गेले.

या वेळी डोकं मध्ये आलं, वन्सं.

पान एकसष्ट, तुमच्या अभ्यासातली अकरावी बाई. वय चोवीस, टायपिस्ट, पहिलंच बाळंतपण, राहणार दहिसर. नाव लिहिलं नाहीत, तेवढी काळजी घेतलीत. पुढे तुम्ही लिहिता की एकोणतिसाव्या आठवड्यात, शनिवार २६ ऑक्टोबर १९८५ रोजी, एकाच गर्भाचे ठोके ऐकू आले. प्रसूतीनंतर दोन्ही नाळांचा एकमेकींत पीळ पडलेला दिसला, दुसऱ्याच्या मृत्यूचं कारण तेच. आणि कंसात: 'रुग्णाला सांगितले नाही. सांगितल्यास ती तपासणीस येणे थांबवील.'

येणे थांबवील! अहो, मी दर शनिवारी घाटकोपरला तुमच्याकडे तपासायला यायचे ते घरचं माणूस बघतंय म्हणून. ते यंत्र पोटावर धरून तुम्ही मला दोघींचे ठोके ऐकवायचात. त्या शनिवारी म्हणालात, "बॅटरी उतरलीय गं, पण दोन्ही बाळं मजेत आहेत." पुढचे सात शनिवार तुमची बॅटरी उतरलेलीच होती. मी घरी येऊन दोन-दोन टोपडी विणत होते.

शलाका जगली, ती तुमच्या देखरेखीमुळेच असेल. ते मी नाकारत नाही. दुसरी बाळंतपणात गुदमरली असं तुम्ही सांगितलंत. दाखवली नाहीत. मी तेही ऐकून घेतलं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी कोजागिरी होती आणि ग्रहणही. वेध लागलेले, विळी-सुरीला हात लावायचा नाही असं आईंनी मला दहादा बजावलेलं. संध्याकाळी तुम्ही आलात. "सुगंधा, भूक लागलीय, कर काहीतरी. मी ग्रहण-बिहण मानत नाही." मी विळीवर बसून दुधी चिरला. तुम्ही भाजी दोनदा घेतलीत. दोन दिवसांपूर्वीच तुम्हाला सगळं ठाऊक होतं आणि तरी तुमच्या घशाखाली घास उतरला.

मूल गेल्यापासून आई एकच म्हणतात, "गिराणात इळी धरलंस, म्हणान एक पोर गेला." धाकट्या जाऊबाईंच्या डोहाळजेवणाला मला ओटी भरू दिली नाही, आत भांड्यांपाशी बसवलं. तुम्ही तिथेच होता. ओटीतला नारळ तुम्हीच उचलून दिलात आणि माझ्याकडे पाहिलंही नाहीत.

सगळ्यात वाईट सांगू? ते मीही मानलं. बारावी शिकलेली, मिनिटाला पन्नास इंग्रजी शब्द टाइप करणारी मी. लोकांसमोर हसायचे, पण शलाका झोपेत हसली की मनात यायचं, हिच्या बहिणीला मी चिरलं. सव्वादोन वर्षं, वन्सं. तुमच्या एका वाक्याने हे थांबलं असतं आणि तुम्ही ते वाक्य परीक्षकांसाठी राखून ठेवलंत.

गेल्या रविवारी ते पान आईंना मराठीत वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "इंग्रजीतला तू काय्येक वाचशीत. रतन डाक्टर आसा. तिना सांगूंदे, मगे मानतलंय." म्हणजे तुमच्या तोंडून ऐकलं तरच मानणार. तुमचे भाऊ म्हणाले, "जाऊ दे ना गं आता." त्यांचं काय गेलं होतं!

येत्या सोमवारी तुम्हाला प्रबंध विद्यापीठात द्यायचाय. एकशे अकरा पानं उद्या ह्यांच्या हाती पाठवते. एकसष्टावं माझ्याकडे आहे, तिन्ही प्रती आणि तुमच्या हातचा कच्चा कागदही. फाडणार नाही, त्यातला शब्दही बदलणार नाही. तुम्ही खरं लिहिलंय, फक्त मला सोडून सगळ्यांना.

येत्या रविवारी या. आईंच्या समोर बसा आणि त्यांना कळेल अशा भाषेत सांगा की पोर शनिवारी गेली होती, सुगंधाने विळी सोमवारी धरली, आणि धरली तीही माझ्या भुकेसाठी. एवढं सांगा आणि पान घेऊन जा.

जेवायला थांबू नका.

शलाकाची आणि तिच्या बहिणीची आई,
सुगंधा