कोरा राहिलेला दगड

नॉरफोक, मार्च १८७१

सौ. हेस्टर हिस एबलचे आशीर्वाद.

खोकला आहे, पण तो दगडाच्या धुळीचाच, तेव्हा काळजी नको. आपलं छप्पर अजून गळतं का?

इथल्या चर्चच्या दाराची कमान सातशे वर्षांची. तिची नागमोडी नक्षी मध्येच थांबलीय. कोरणारा गवंडी तापाने गेला म्हणतात. उरलेले पाच दगड कोरायला पाद्रीसाहेबांनी मला बोलावलं. चार झाले, आता हात उचलवत नाही.

काल ते म्हणाले, “अहो एबल, एक विसरलात!”

म्हटलं, “नाही साहेब, तो त्या गेलेल्याचा. राहू द्या तसाच.”

आपल्या जोबला माझ्या हाताखाली घेणार होतो, ते नको. पोराला सुताराकडे घाल. लाकडाचा भुसा एका शिंकेत निघून जातो.

तुझा,
एबल