खुल के बोलो

४ नोव्हेंबर
आमच्या राईस मिलच्या ऑफिसात आज एजाइल नावाची कामाची नवी पद्धत आली. मालकांचा मुलगा अंकित भैया पुण्याहून शिकून आलाय. मिलवाले आणि आम्ही कॉम्प्युटरवाले आजवर ई-मेलवर भांडत आलो. आता रोज सकाळी सगळ्यांनी एकत्र उभं राहून बोलायचं, काम तुकड्यातुकड्यानं करून दाखवायचं, आणि दर पंधरवड्याला काय चुकलं ते मोकळं सांगायचं. मीटिंगा घ्यायच्या, घडी बसवायची ती मी. आई म्हणे, "उभं काऊन? खुर्च्या नाही का तुमच्या हापिसात?"

७ नोव्हेंबर
बरं चाललंय, खरंच. धान खरेदीचे पटले साहेब पहिल्यांदाच आमच्या खोलीत आले. आमचा प्रोग्रॅमर दिलीप, त्याच्या स्क्रीनवर वाकून म्हणाले, "हे बटन इथं कायले? वजन झाल्यावर पाह्यजे." दिलीपनं तिथल्या तिथं बदललं. आधी याला महिने लागायचे. गावी, मुर्रीला घरी येईस्तोवर एकटीच हसत होते.

१४ नोव्हेंबर
धान आणणाऱ्या शेतकऱ्यांना गेटवर नंबर देणारं टोकनचं ॲप सोमवारीच सुरू करायचं, भैयाचा हुकूम. दिलीप सगळ्यांसमोर बोलला, "भैया, टेस्टिंग बाकी है. भीड़ में बैठ जाएगा."
"एजाइल मतलब फास्ट, यार."
थोडा वेळ द्या, मीही म्हटलं. नाही. पटले साहेब खाली पाहत होते.

१७ नोव्हेंबर
बसलंच. टोकन निघेना. धानाचे ट्रॅक्टर पार हायवेपर्यंत. एक म्हातारा दिलीपला सारखा विचारी, "बाबू, आमचं नाव दिसून राह्यलं का?" शेवटी पटले साहेबांनी हातानं चिठ्ठ्या दिल्या. दिलीप दिवसभर जेवला नाही.

२१ नोव्हेंबर
पंधरवड्याची मीटिंग. भैया: "खुल के बोलो. यहाँ की बात यहीं रहेगी." मीही सगळ्यांना तेच सांगितलं. मग दिलीप, आवाज न चढवता, "भैया, मैंने बोला था. आपने सुना नहीं."
भैयानं मान डोलावली, थँक्यू म्हणाला. मला वाटलं, जमलं. खरंच वाटलं.

२५ नोव्हेंबर
दिलीपची बदली. तिरोड्याच्या गोदामात, बारदान्याच्या, रिकाम्या पोत्यांच्या हिशोबावर.
भैयाकडे गेले. "मैंने नहीं, पापा ने किया. उनको बुरा लगा."
पापांना सांगितलं कुणी? भैया फोनमध्ये पाहत बसला.
दिलीप टेबल आवरत होता. म्हणाला, "तुमच्यावर राग नाही, मॅडम. पण तुम्ही म्हणाल्या म्हणून बोललो जी."


२८ नोव्हेंबर
सकाळची मीटिंग. सब ठीक. सब ठीक. सब ठीक. पटले साहेबसुद्धा. गोलात उभे राहतो आणि एकमेकांच्या चपला पाहतो. भैया खूश, मीटिंग लवकर संपते म्हणून.

४ डिसेंबर
उद्या पंधरवड्याची. मोठे मालक स्वतः येणार, आमचं एजाइल पाहायला. भैया म्हणाला, "मॅडम, पॉजिटिव रखना."
ऑफिस सुटल्यावर पटले साहेब गाडीपाशी थांबले. "तुम्ही बोलाल तं मी बोलीन. पण आधी नाही." किक मारून गेले.
आई तांदूळ निवडत होती. विचारलं, माझी नोकरी गेली तर?
हात थांबला तिचा. "दुसरी भेटते का?"
माहीत नाही, म्हटलं.
ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. मग म्हणे, "तो पोरगा जेवते का तिरोड्याले बराबर?"
मीटिंग सकाळीच आहे. सुरुवात नेहमी मीच करते.