बठ्ठा

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. जळगाव

दात पडला! खालचा, डावीकडचा. मैदानातच थुंकला आणि पुढचा डाव पुकारला. पुण्याची टीम चारीमुंड्या चीत. अमेरिकन फुटबॉल खेळायचा आणि शिकवायचाही पगार घेणारा खानदेशातला पहिला माणूस मी — दात तेवढा जाणारच.

जिंकलो ते ‘बठ्ठा’मुळे — आमच्या अहिराणीत बठ्ठा म्हणजे सगळे. मी ओरडलो की अकराच्या अकरा जणांनी चेंडू फेकणाऱ्यावर तुटून पडायचं. पुणेकरांना अहिराणी कुठली कळायला! त्यांचा फेकणारा आमच्याखाली दबून रडत होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

५ फेब्रुवारी, बुधवार

हिरडीला लवंगेचं तेल लावता लावता संघमित्रा म्हणाली, “फायनल धुळ्याशी ना? त्यांना काय बठ्ठा कळत नाही?” बायकोला सुचलं, कोचला नाही!

संध्याकाळी मेहरूणच्या मैदानावर पोरांना सांगितलं — आता उलटं. बठ्ठा ऐकलं की सगळे मागे सरकायचे, कुणीच तुटून पडायचं नाही. सरावात जामनेरच्या सुयशचा अंगठा निखळला. मीच खेचून बसवला. कोच असूनही शिव्या खाल्ल्या.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दीपकचा फोन. धुळ्याचा फेकणारा तोच. साक्रीच्या शाळेत एका बाकावरचे आम्ही. चिडवत होता — “तुना बठ्ठा आमले समजस रे भो!” माझ्या तोंडून निघून गेलं, “या येळले उलटं शे!”

फोन ठेवला आणि जीभ चावली. तोंडात तीळ भिजत नाही माझ्या! आता पुन्हा बदललं तर पोरं गोंधळतील. राहू दे.

९ फेब्रुवारी, रविवार. धुळे

सुयशची नडगी मोडली. ऊस मोडावा तसा आवाज. हाड बाहेर आलेलं, आणि धुळ्याचे दोघं हसत होते. माझं डोकं फिरलं.

पुढच्याच डावाला चेंडू दीपकच्या हातात. जीव खाऊन ओरडलो — “बठ्ठा!” जुना, खरा बठ्ठा. पोरं ठरल्याप्रमाणे मागे सरकली. मी एकटाच धावलो. हेल्मेट त्याच्या छातीत घातलं. मान मागे गेली. उठला नाही. मी वर उभा राहून शिव्याच देत होतो — ऊठ, ऊठ!

इतका चपळ माणूस. बाजूला का झाला नाही?

१० फेब्रुवारी, सोमवार

दीपक बोलत नाही. पाय हलत नाहीत. त्याची आई कोकिळाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसलेली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दीपक आज बोलला. “तू बठ्ठा बोलना ना भो. म्हनीसन मी उभाच ऱ्हायनू.”